मोटेचे बैल आणि जीपचं इंजिन

मंगळवार, ८ मे १९७३. औंध

जीपचं इंजिन बिघडलं. गावात गॅरेज नाही, म्हणून दुरुस्तीला चिंचेच्या फांदीला मोटेचं चाक बांधलं, त्यावरून मोटेचा जाड दोर, नाडा, ओवला आणि इंजिन वर ओढायला मोटेचेच बैल जुंपले. शेजारचे आबा म्हणाले, "माजी बैलं शिकल्याली हायती पोरा, काळजी करू नगंस."

इंजिन बॉनेटच्या वर आलं. बैल थांबले आणि कुणी न सांगता मागं सरले. विहिरीवर मोट रिकामी झाली की जन्मभर तेच करत आलेत! मला का नाही सुचलं? नाडा सैल पडला, इंजिन खाली आदळलं आणि त्याचं ऑइलचं चेंबर फुटलं. परवा आईला ह्याच जीपनं साताऱ्याला ऑपरेशनला न्यायचंय. एस.टी.त तिला बसवत नाही. काय करू?

मागं सरले म्हणून आबा बैलांना एक शब्द बोलले नाहीत. आत्ता दारात येऊन विचारलं, "बैलगाडीत गादी टाकली तर सोसंल का रं तिला?"

हो म्हणालो. आता सगळी भिस्त त्याच बैलांवर.