नावावरून काही कळू नये म्हणे!

प्रिय बुद्धभूषणदादा,
सप्रेम जयभीम.

हो, पूर्ण नावानेच हाक मारतेय. सातपूरच्या कंपनीत तू 'सनी' झालास तेव्हा मी गप्प बसले. आता बसणार नाही.

इकडे भामरागडला माझं छान चाललंय. शाळेत शिक्षिका म्हणून हजर झाले त्या दिवशी एका बाईंनी आडनाव तीनदा विचारलं, पण ते जाऊ दे. रोहिणीवहिनी नीट जेवते ना? बाळाचं पोट दुखायचं थांबलं का?

तुझी अकरा नावांची यादी मिळाली. कियारा, मायरा, झियाना! वर लिहितोस, "आत्या म्हणून नाव तूच ठेव, पण नावावरून काही कळता कामा नये." काय कळेल रे? आपण काय चोरी केलीय?

आपली भीमाआजी साठीत सही शिकली. त्याच दिवशी तिने खडूने घराच्या दारावर 'भीमाबाई' लिहिलं. पुसट झालं की पुन्हा गिरवायची. ती गेल्यापासून तूच गिरवतोस ना? मग दारावर चालतं ते पोरीला का चालत नाही?

तुला भीती वाटते, हे कळतं मला. मलाही वाटते. पण ती त्या एवढ्याशा जिवाच्या गळ्यात बांधू नकोस.

रविवारी बारशाला बुद्धवंदना झाली की नाव मीच सांगणार, तेही कानात नाही, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं. भीमाई!

आजीच्या नावाखालची जागा पुसून ठेव. खडू मी आणतेय.

तुझ्यावर चिडलेली, तुझीच धाकटी,
तेजल