उसात गेलेली पुस्तकं

धारूर,
मंगळवार, ११ मार्च १९९७

प्रिय तेजश्री,

तुझं पत्र काल मधल्या सुट्टीत मिळालं आणि मी इतकी चिडले, की डबासुद्धा उघडला नाही. वार्षिक मोजणीत तुझ्या शाळेच्या ग्रंथालयात एक्केचाळीस पुस्तकं कमी भरली, सोमवारी संस्थेची बैठक आहे आणि तिथे ग्रंथालयाचं काम तुझ्याकडून काढून घेणार, हे सगळं समजलं. पण त्यांनी मागायच्या आधीच तू किल्ली टेबलावर ठेवून मोकळी होणार? वर मलाच लिहितेस, 'ताई, कपाटाला कुलूप लावणाऱ्या तुम्हीच खऱ्या होतात.' अगं बये, हे लिहिताना हात कसा गं चालला तुझा? एसटीडी बूथवरून फोन करून चांगली झापणार होते, पण आमचा बूथवाला निम्मं बोलणं स्वतःच ऐकतो. म्हणून कागद घेतला.

माझ्या कुलपाचं कौतुक मला नको सांगूस. बीडचं ते शिबिर आठव. येत्या जूनमध्ये तीन वर्षं होतील. शिकवणं सांभाळून ग्रंथालय बघणारे आपण वीसेकजण, आणि सगळ्यांत पुढे मी, मांडीवर पुस्तकांची दाखलवही घेऊन. एकोणीस वर्षं, अकराशे चाळीस पुस्तकं, एकही गहाळ नाही! आमचं तीन पिढ्यांचं किराणा दुकान, मोजून ठेवायचं आणि मोजून द्यायचं हे अंगातच भिनलेलं. व्याख्यात्यांनी माझी वही उंच धरून दाखवली, टाळ्या पडल्या, मी अशी फुगले की विचारू नकोस. आणि पंगतीत तू, कालची पोर, शेजारी येऊन बसलीस आणि विचारलंस, देवघेवीची वही पण आणलीत का? होती पिशवीत. एकोणीस वर्षांत सहा पानं भरलेली, त्यातली चार शिक्षकांच्याच नावांची. तू ती हातात घेतलीस. पानं उलटलीस, वही परत दिलीस आणि माझ्या ताटात भाजी वाढलीस. शिबिर संपेपर्यंत मी पुन्हा तुझ्या पंगतीला बसले नाही.

तुझं पहिलं पोस्टकार्ड आलं ते त्यानंतर तीन आठवड्यांनी. एकच ओळ: या महिन्यात तुमच्या शाळेत कोणतं पुस्तक एखाद्या मुलाने खाली ठेवलंच नाही? मला लई राग आला. माझ्या कपाटातून पुस्तक बाहेरच पडत नव्हतं ना! दोन दिवस कार्ड टेबलाच्या खणात ठेवलं आणि तिसऱ्या दिवशी सातवीच्या वर्गाला कपाटासमोर उभं केलं. पहिलं पुस्तक हरवलं तेव्हा मी घरी येऊन रडले. आमचे हे म्हणाले, कोण गेलं? आता हसू येतं. त्या एका कार्डाचे आपण अकराजण झालो, दर तीन महिन्यांनी एका रविवारी एकेकाच्या शाळेत भाकरी बांधून जायला लागलो. माझ्याकडून तुम्ही सगळे वर्गीकरण आणि पुस्तकं शिवायला शिकलात. मी काय शिकले ते पुढे लिहिते. पण पन्नाशीला टेकलेल्या बाईने शिकायचं असतं हे मला कुठल्या सरकारी परिपत्रकाने सांगितलं नव्हतं, एवढं खरं.

आता तुझ्या एक्केचाळीस पुस्तकांचं. तुझा निरोप माझ्या आधीच मिळाल्यामुळे माजलगावच्या शाळेचं ग्रंथालय बघणारे आपले बंकटराव रविवारी सायकल काढून ऊसतोडीच्या तळावर गेले. तुमच्या शिरूरची माणसं पोराबाळांसह कुठे उतरली आहेत ते त्यांना ठाऊक होतं. पाचटाच्या झोपड्या त्या, कोपी-कोपीतून हिंडले. तुझ्या शाळेचा शिक्का असलेली एकोणतीस पुस्तकं त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आणि यादी करून काल एसटीने मला पाठवली. केशरबाई म्हणून एक बाई आहे, तिची लेक तुझ्या सहावीत. त्या बाईने पुस्तक खताच्या पिशवीत गुंडाळून पिठाच्या डब्यात ठेवलंय, आणि बंकटरावांनी हात पुढे केला तर देईना. म्हणाली, "बाईला सांगा, पुस्तक हरवलं न्हाई, उसात हाय. आन् हे आमचं दोनदा वाचून झालं, दुसरं धाडा." मोजणी मार्चमध्ये आणि मुलं परतणार कारखान्याचा पट्टा पडून तोड संपल्यावर, मे उजाडता. मग पुस्तकं कपाटात दिसणार कशी? हे त्या मोजणाऱ्यांना काऊन सुचलं नाही, देव जाणे. बाकीच्या बारांचं मी खोटं आश्वासन देणार नाही. काही गेलीच असतील. एक शेळीने खाल्लंय, तेही यादीत आहे.

खरी गोष्ट अजून लिहिलीच नाही, कारण तू पत्र शेवटपर्यंत वाचावंस असं वाटत होतं. संस्थेने तपासणीसाठी बाहेरगावचा एक माणूस नेमलाय. जिल्ह्यात सगळ्यांत कडक, एकही पुस्तक न हरवणारा, अशी त्याची ख्याती त्यांनी कुणाकडून तरी ऐकली. तो माणूस मी आहे. तुझ्या पत्राच्या दोनच दिवस आधी, शनिवारी, त्यांचं पत्र आलं. आपली मैत्री आहे हे मी त्यांना लगेच फोन करून कळवलं, तरी तुम्हीच या म्हणाले. सोमवारी पहिल्या गाडीने येते. निकाल काय लागेल ते माझ्या हातात नाही, पण अहवाल माझ्या हातात आहे आणि तो लिहून तयार आहे. बंकटरावांची यादी त्याला जोडली आहे, आणि गेल्या तीन वर्षांत माझी स्वतःची तेवीस पुस्तकं हरवली आणि देवघेवीच्या पाच वह्या भरल्या, हेही मान ताठ ठेवून लिहिलंय. किल्ली तुझ्याजवळ ठेव, नवी साडी नेस, आणि मला बघून रडू नकोस, मलाही आवरणार नाही. अहवालाखाली तपासणाऱ्याने आपली पात्रता लिहायची असते. मी लिहिलं आहे: ग्रंथालयाचा अनुभव बावीस वर्षे, त्यांपैकी शेवटची तीन तेजश्रीबाईंची विद्यार्थिनी म्हणून.

तुझीच,
शांतादेवी