घट बसलेत म्हणून सांगितलं

तीर्थस्वरूप आत्या,
साष्टांग नमस्कार.

तुम्हाला जाऊन तीन वर्षं झाली. इतक्या दिवसांत एक ओळ लिहिली नाही आणि आज भर दुपारी देवघरासमोर बसून लिहितेय. सकाळी माझ्या तोंडून जे निघून गेलं, ते तुमच्याशिवाय कुणाला सांगू?

शेवंताबाई गेली. तिची जळकोटला दिलेली लेक सकाळी दाराशी आली होती. म्हणाली, "काकू, आईला आंघोळ घालायला कुणी न्हाय. बायका लांबूनच रडायल्यात. तुम्ही आत्याच्या सूनबाई, म्हणून आले."

मी म्हणाले, "घट बसलेत गं घरात. नऊ दिवस मला शिवता येत न्हाय."

ती डोळे पुसत गेली. देवीचं नाव पुढं करून मी एका पोरक्या लेकीला परत पाठवलं, आत्या!

गावात कुठलीही बाई गेली की निरोप तुम्हालाच यायचा. जिचं कुणी नाही, जी महिनोन्‌महिने अंथरुणात कुजली, तिच्याकडं तर तुम्ही आधी जायच्या. घर कुणाचं, वस्ती कुठली, कधी विचारलंत? पाणी मात्र कोमटच हवं. मी एकदा हसले होते, मेलेल्या माणसाला काय गार आणि काय गरम? तुम्ही म्हणालात, "तिला कळत नसंल. मला कळतंय की."

आणि मी काय केलं? साबणाची नवी वडी तुम्हाला कधी दिली नाही. झिजलेले तुकडे डबीत साठवायची, ते हातावर ठेवायची. परत आलात की मागच्या दारी गार पाण्याची बादली, थंडीतसुद्धा. एका नवरात्रात तर तीन दिवस तुम्हाला ओसरीवर झोपवलं. का ऐकलंत माझं? एकदा तरी रागवायचं होतं! उलट शेजारणीला सांगत होतात, "सून लई देवाधर्माची हाय. बरंय, मला वारा तरी लागतोय."

खरं सांगू? ते सगळं देवासाठी नव्हतं. मला तुमच्या हातांची भीती वाटायची. त्या हातांनी थापलेली भाकरी त्या दिवशी माझ्या घशाखाली उतरायची नाही.

तुम्ही गेलात तेव्हाही मी सून असून चौकट धरून उभी राहिले. शेवंताबाई तुमच्याबरोबर जाऊन जाऊन शिकली होती, तीच पुढं झाली. "सरका बाई, आत्याला मी घालते." तुमचे केससुद्धा तिनंच विंचरले. मी तांब्याभर पाणी ओतलं नाही. आणि आज तिलाच नाही म्हणून बसले.

तिचा मुलगा पुण्याहून निघालाय, तो आल्यावर संध्याकाळी उचलणार आहेत. मी ह्यांना विचारलं, काय करू? पेपरातून मान वर न करता म्हणाले, "आईनं कधी कुणाला विचारलं न्हाय."

देवीला हात जोडलेत. तिला काय वाटायचं ते वाटो, मी निघालेय. येत काहीच नाही, आत्या. आधी मान धरायची का खांदा, हे तुम्हाला कधी विचारलंच नाही. त्या पोरीला म्हणेन, चुकलं माझं, तू पाणी घाल, मी धरते. हात मागं घेणार नाही. एवढा शब्द देते.

तुमची सून,
कुसुम