चार वाटे, चार होड्या

२ मे १९९७, सकाळ
सगुणे, अगं माझं मलाच सांगतेय, हे पुढं कधी वाचून घेशील तेव्हा म्हणशील, असं मी बोललेच नव्हते. परवा देवळातून एक चप्पल स्वतःची आणि एक शेजारच्या ठमाबाईची घालून आलीस, वर घरी येऊन पाय दुखतो म्हणून तेल मागितलंस. तुझा काय भरवसा? म्हणून सुमतीकडून लिहून घेते. अक्षर तिचं, अक्कल माझी. सूनबाई हसल्या. तेही लिही म्हटलं.

तर, मस्कतला थोरल्या नामाच्या मालूची हळद, दहा तारखेला. तिथं हळदीची गाणी, आपले धवले, म्हणणारी बाई नाही. आमच्या चेंदणी कोळीवाड्यातल्या निम्म्या पोरींना माझ्या धवल्यांवर हळद लागली, आणि माझी नात तशीच जाणार? गुडघे विमानाचा जिना चढायचे नाहीत. मालू फोनवर रडली. आजी, तुझा आवाज आल्याशिवाय मी पाटावर बसणार नाही. मी शब्द दिला. येईल म्हटलं.

३ मे
धाकटा सुधीर वर्तकनगरला कॉम्प्युटर दुरुस्त करतो. घरी जुने तुकडे जोडून एक कॉम्प्युटर उभा केलाय. त्याच्या माईकपुढं पंचवीस मिनिटं गायले. गाणं आत डिस्कवर बसलं. आता तिथून फोनच्या तारेनं नामाच्या कॉम्प्युटरवर जायचं.

सुमती म्हणाली, आई, एक कॅसेटही करू, शेजारचे गुणाजीभाऊ मंगळवारी मस्कतला परत चाललेत. कॅसेट! नळावर सगळ्यांना सांगून बसलेय की माझा आवाज तारेतून जाणार. ठमाबाई म्हणाली होती, बघ हो, मधेच लोंबकळशील. आता कॅसेट दिली तर ती जगू देईल का?

४ मे
हिशेब केला. सुधीरला विचारलं, डिस्कवरून गाणं किती वेगानं उतरतं? म्हणाला, आतली वायर जुनी आहे, चार. आणि इंटरनेटची तार? तेहतीस.

तेहतीस! आठपट की रे! डिस्कवरून गाणं उठेपर्यंत मस्कतला पोचून जेवायला बसेल. चार कसले नि तेहतीस कसले, असं काहीतरी तो सांगत होता. म्हटलं, पन्नास वर्षं मच्छी विकली, तेहतीस मोठे की चार हे तू मला शिकव.

६ मे
गुणाजी पाया पडायला आला. काकी, द्यायचंय काही? म्हटलं, नको रे बाबा, आमचं तारेनं जातं. सुमतीनं पदराआड कॅसेट धरलेली दिसली. डोळे वटारले. गुणाजी मोकळ्या हातानं गेला. छाती फुगली माझी.

७ मे
सुधीर म्हणाला, आई, आता तरी ऐक. तारेचे तेहतीस म्हणजे बिट, बारके. डिस्कचे चार म्हणजे बाइट, मोठे. आठ बारक्यांचा एक मोठा.

आठ बोंबलांचा एक वाटा, असं सांग ना मग! तेहतीसला आठानं भागलं, चार आले. म्हणजे इकडं चार, तिकडं चार. बरोबरी. जरा ओशाळले, पण बरोबरी म्हणजे काही हार नाही.

८ मे
हार.
तारेचे चार म्हणजे चार हजार. डिस्कचे चार म्हणजे चाळीस लाख. हजारपट फरक. एकीकडं चार वाटे, एकीकडं चार भरल्या होड्या. हे त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं म्हणे. वाटा नि होडी एक धर असं कुणी गिऱ्हाईक मला म्हणालं असतं, तर कोयता दाखवला असता.

सगळं जायला अडीच-तीन तास लागणार. सुधीरनं गाण्याचे तुकडे केले. उद्या सुट्टी टाकून बसतो म्हणाला. जाईल. अडीच तास काय, मी अडीच दिवस बसेन.

९ मे, दुपार
बसवत नाही. आवाज जातोय की नाही, कळायला नको? त्याच लाइनीचा दुसरा फोन माझ्या खोलीत आहे. हळूच उचलून कानाला लावला. तापल्या तव्यावर पाणी पडल्यासारखं चुर्र. माझा गळा काही ऐकू आला नाही.

बाहेर सुधीर ओरडला, तुटलं. म्हटलं, उंदरानं वायर कुरतडली असेल.
परत लावलं. परत उचलला, परत तुटलं. नुसता उचलला, बोलले काहीच नाही.
चौथ्या खेपेला रिसीव्हर कानाला असताना सुमती दारात.
लिही, सुमती. लिही म्हटलं ना.

१० मे
एवढ्या तुटातुटीत एकच तुकडा पोचला, पहिला. असू दे. सुरुवातीलाच खरा गळा लागतो माझा. तेवढ्यावर हळद लागेल.

११ मे
नामाचा फोन. मालू पाटावर बसायला तयार नव्हती. तुकडा आलाय कळल्यावर बसली. मोठा स्पीकर लावला. दोन्हीकडची माणसं स्पीकरपुढं जमली.

सुधीरनं माईक चालतो का बघायला, आई, काहीतरी बोल म्हटलं होतं. ते सगळं पहिल्या तुकड्यात. मी म्हणते, मुलाकडच्या बायका म्हणजे दागिन्यांची कपाटं, एकीला सूर असेल तर शप्पथ. आणि नवऱ्या मुलाचं नाक बघा, सुरमईचं तोंड. मग खोकला. मग तुकडा संपला.

विहीणबाई उठल्या म्हणे. वाटलं, चालल्या. तर त्यांनी पदर खोचला नि स्वतः धवला धरला, पाचही कडवी. नामा म्हणाला, आई, गळा फार गोड आहे गं त्यांचा. मालूला फोन दे म्हटलं. ती कामात आहे म्हणाला.

सुमती, गुणाजीची बायको पुढच्या आठवड्यात जातेय. तिच्याबरोबर विहीणबाईंना कोळंबीचे शेरभर सोडे दे, मोठे मोठे निवडून. सुका जवळाही घाल. डब्याला दोन फडकी बांध, वास बाहेर यायला नको. कुणी पाठवलं विचारलं तर तिला तुझं नाव सांगायला लाव.