देगलूरचं विरजण

आई,

लग्न माझ्या मनानं केलं म्हणून तू दोन वर्षं बोलत न्हाईस, तर मीपण हे पत्र पाठवणार न्हाई.

सातवा महिना हाय. मागं ताप आला आणि गोळ्यांनी पोट पार बिघडलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घरचं ताजं दही खा. आईच्या पोटातले चांगले जंतू जन्मताना लेकराला मिळतात, त्यावर त्याचं पोट घडतं. म्हणजे तुझे मला मिळाले. उगाच न्हाई आपण दोघी एवढ्या हट्टी!

पण इथं नांदेडात माझं दही काही केल्या नीट लागेना. विकतच्या दह्याचं विरजण घातलं की तार यायची. हे मी फक्त अण्णांना फोनवर सांगितलं. काल ते देगलूरहून पहिल्यांदा लेकीच्या घरी आले, हातात विरजणाचा डबा. "आईला सांगू नको, मीच गुपचूप आणलं," म्हणाले. झाकणावर तुझ्या साडीच्या काठाची चिंधी आणि तुझी दुहेरी गाठ. अण्णांना तर पिशवीचं तोंडसुद्धा धड बांधता येत न्हाई!

आज दही सुरीनं कापावं असं घट्ट लागलं. वाटीभर खाल्लं, तर लेकरू पोटात लई फिरलं.

डबा रिकामा परत देऊ नये, हे तूच शिकवलंस. म्हणून त्याच दह्यानं भरून अण्णांबरोबर देऊन राहिले. चाखून बघ. माझं दही तुला कायम आंबट लागतं. आताही लागलं, तर तेवढं सांगायला तरी फोन कर.

तुझीच, तुझ्यासारखीच,
सुकन्या