लक्ष्मीच्या मागची ओळ

माय, दादाच्या जन्माची वेळसुद्धा लिहून ठेवली तू, अन् माह्या जन्माचा साधा वार नाही! लक्ष्मीच्या फोटोमागच्या पुठ्ठ्यावर, आतल्या बाजूनं, शेजारच्या मास्तराच्या अक्षरात: पोरगा झाला, सोमवार, दिवे लागायच्या वेळी. खाली वीतभर जागा कोरी. अमरावतीत फ्रेमवाल्याच्या बाकड्यावर बसून मी ती कोरी जागा पाहून राहिली, अन् तो विचारून राहिला, "ताई, काच साधीच टाकू ना?"

तू गेल्यावर दादानं अकोल्याच्या घरी संगमरवरी देवघर केलं. त्यात तुह्ये जुने फोटो शोभत नाहीत म्हणे. "तुले लागत असन तं लक्ष्मी घेऊन जाय, नाही तं पिंपळाखाली ठेवून देतो." चौकटीले वाळवी लागली होती. म्या ती जुन्या लुगड्यात गुंडाळली अन् एसटीत मांडीवर घेऊन बसली. कंडक्टर म्हणे, "मावशी, लक्ष्मीचं तिकीट?" म्हटलं, "बायांले अर्धं लागते, मांडीवरच्याले तं लागतच नाही." सारी गाडी हसली.

फ्रेमवाला तुह्याच बाजूनं बोलला. "तुमच्या जन्माच्या वक्ती खिळे ठोकलेले असतीन ताई, कोण उघडते?" त्याले काय माहीत! मी तिसरीत असताना काच फुटली होती, म्याच फोडली, चेंडूनं. तू पाठीत धपाटा घातला. मग दोन दिवस फोटो स्वयंपाकघरात उघडा. चुलीवर खळ शिजते आहे, अन् तू आपल्या लग्नाच्या शालूची जरी कापून लक्ष्मीच्या लुगड्याले चिकटवून राहिली, हत्तींच्या कपाळाले टिकल्या लावून राहिली. मी म्हणते, माह्या बाहुलीले एवढीशी दे. "हात लावू नको, देवाचं हाय ते." पुठ्ठा तिथंच उपडा पडला होता, माय. मले लिहिता येत होतं. तू नुसतं तोंडानं सांगितलं असतं तं म्याच लिहिलं असतं. पुढं चौथीनंतर तं शाळाच सोडवली.

शाळेत मास्तरानं माह्या नावापुढं अंदाजानं जून टाकला. माही पोरगी दर जूनले केक आणते, मी मुकाट खाते. तू एकदा म्हटलं होतं, कापूस वेचणीत झाली तू. वेचणी का एका दिवसाची असते? दिवाळीले सुरू होते ते होळीपर्यंत चालते.

एक सांगून टाकते. फ्रेमवाला चहा प्याले गेला तवा त्याचा पेन घेऊन दादाच्या ओळीवर टेकवला होता. खोडणारच होती. नाही खोडली. खाली 'पोरगी झाली' एवढं लिहिलं, अन् तिथंच अडली.

हा कागद तुह्यापर्यंत कोणतं पोस्ट नेईन? पुठ्ठ्याच्या आत ठेवून देते. शुक्रवारी सकाळी तो खिळे ठोकणार आहे. गुरुवारी दिवे लागायच्या आत सांग, कोणत्या वारी झाली मी?