दोन्ही डाव्या बाह्या

४ फेब्रुवारी
गर्भाची पिशवी काढून आज अठरावा दिवस. टाके सुकले. पोट शहाण्यासारखं वागतंय — डोकं नाही! गॅसवर दूध ठेवलं आणि तिथेच उभी राहून ते उतू जाताना बघत बसले. नणंद म्हणाली, "वहिनी, भूल उतरायची आहे वाटतं अजून!" दोघी हसलो. मी जरा जास्तच हसले.

९ फेब्रुवारी
शेजारणीचं नाव आठवेना. "अगं, अगं" करत वेळ मारून नेली.

२ मार्च
ऑपरेशननंतर आमच्या शिवणाच्या दुकानात पहिला दिवस. मी कापते, नणंद शिवते — बावीस वर्षं हीच वाटणी. दवाखान्याचे बारा पांढरे कोट होते. कापडावर बाहीचा कागदी फर्मा ठेवला, खडू ओढला, कात्री चालवली. हात कसे सरसर चालले! संध्याकाळी नणंद मशीनवरून उठली आणि दोन बाह्या माझ्यासमोर धरल्या. दोन्ही डाव्या. बाराही कोटांच्या! उजव्या बाहीसाठी फर्मा उलटा करायचा, हे शिकायला आलेल्या पोरीलाही पहिल्या आठवड्यात कळतं. मला कापताना साधी शंकासुद्धा आली नाही. भीती त्याचीच वाटते.

"आणू दुसरं कापड," एवढंच बोलली ती. ओरडली असती तर बरं झालं असतं.

५ मार्च
डॉक्टरीणबाईंनी पाच शब्द सांगितले, मग इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्या, मग ते शब्द परत विचारले. मला दोन आले. शेजारी बसून आमचे हे पाचही शब्द पुटपुटत होते — ओठ हलताना दिसले मला! असा राग आला. बाई म्हणाल्या, "मोठ्या ऑपरेशननंतर काहींना होतं असं. बहुतेकांचं सावरतं. सहा महिने पाहू." बहुतेकांचं! उरलेल्यांचं काय, ते विचारायचा धीर झाला नाही. रस्ता ओलांडताना ह्यांनी हात धरला. मी सोडवून घेतला नाही.

११ मार्च
कात्रीला हात लावायला धजत नाही. कापणं गेलं तर मी उरते कोण?

२९ मार्च
बारा दिवस पुन्हा कापतेय. एकही चूक नाही! संध्याकाळी आखून ठेवते, सकाळी कापते, नणंद मुकाट्याने शिवते. डोकं ताळ्यावर आलं बहुतेक. ह्यांना बजावलं, आता माझ्या मागे मागे फिरू नका.

३ एप्रिल
आज लवकर गेले दुकानात. नणंद टेबलावर वाकून माझ्या रेघा पुसत होती. नव्या आखत होती. मी ओरडलेच — "माझ्या पाठीमागे कधीपासून चाललंय हे?"

तिचा चेहरा उतरला. "वहिनी, तुम्हीच सांगितलंत ना? रोज तपासत जा म्हणून. माझे हात धरून रडलात की!"

"हो गं, विसरलेच," म्हणाले. पण मला काहीच आठवत नाही. रडल्याचंसुद्धा नाही.